कुटुंबाची मोठी मोटार आणि तिचें आयुष्य

ऊंसाचें बिल हातीं पडलें, कीं मोठी गाडी कोणती घ्यावी ह्याविषयीं संघाच्या कचेरींत पृच्छा सुरू होते. घेतलेली गाडी पंधरा वर्षें कशी टिकवावी, असें विचारणारा सभासद मात्र आम्हांस अद्यापि क्वचितच भेटला आहे. बैल घेतांना त्याच्या दांतांबरोबर वैरणीचाही विचार करणारे आपण शेतकरी; परंतु आठ-दहा लाखांची मोटार दाराशीं उभी राहिली म्हणजे तीस डिझेलावांचून दुसरें कांहीं लागतें, हें विसरतों. आमच्या घरीं २०१० सालीं घेतलेली सात आसनांची डिझेल एस्.यू.व्ही. आजही चालू आहे. तिच्या कारखान्याचें नांव आम्ही देत नाहीं. कारण पुढें सांगावयाचे बहुतेक दोष गाडीचे नसून आमचे आहेत.

ह्या जातीच्या गाड्या खेड्यापाड्यांत पसरल्या त्यास सबळ कारण आहे. १९९४ सालीं टाटा सुमो, २००० सालीं महिंद्रा बोलेरो आणि २००२ सालीं स्कॉर्पिओ बाजारांत आली. तिहींचीही घडण मालमोटारीच्या वळणाची, म्हणजे खालीं पोलादी तुळयांची शिडीसारखी चासी व तीवर बसविलेली निराळी बॉडी. शेताच्या वाटेवर एक चाक चरांत गेलें तरी त्याचा पीळ चासी सोसते. मोडतोड झाल्यास तालुक्याच्या गांवींही सुटे भाग व मिस्त्री मिळतो. ह्यामुळें ‘ही गाडी कांहीं केल्या मरत नाहीं’ अशी समजूत रूढ झाली, आणि आमच्या मतें ह्या समजुतीनेंच पुष्कळ गाड्या मारल्या आहेत.

आमचीच गोष्ट घ्या. २०१८ च्या मे महिन्यांत एका लग्नाकरितां आम्ही कराडहून पाटणमार्गें चिपळुणास निघालों होतों. गाडींत माणसें नऊ आणि माथ्यावर सामान. म्हणजे पहिली चूक घरापासूनच बरोबर घेतलेली होती. कुंभार्ली घाट उतरतांना आमचा पुतण्या सारखा ब्रेकवर पाय ठेवून होता. घाट निम्मा सरला असेल नसेल, तोंच एका वळणावर पायाखालचें पॅडल स्पंजासारखें मऊ लागलें आणि तळापर्यंत खालीं गेलें. त्यानें प्रसंगावधान राखून गिअर एकामागून एक उतरविले, हातब्रेक ओढला, व डोंगराच्या अंगच्या चरांत चाक घालून गाडी थांबविली. मागें मातुश्री व लहान मुलें होतीं. त्या वेळीं कोणी ओरडलेंसुद्धां नाहीं, ही गोष्ट आठवली म्हणजे अजूनही अंगावर कांटा येतो.

अर्ध्या तासानें ब्रेक आपोआप पूर्ववत् लागूं लागला. चमत्कार मानून पुढें जाण्याचा मोह झाला होता. परंतु पहिल्या गिअरांत हळूहळू उतरून आम्हीं खालीं येतांच गॅरेज गांठलें. मिस्त्रीनें ब्रेक ऑइलच्या डबीचें झांकण काढलें. आंत काढ्यासारखें काळपट पाणी. ‘हें कधीं बदललं होतं?’ असें त्यानें विचारलें, तेव्हां गाडी अवघी ६१,००० किलोमीटर चालली आहे, असें आम्हीं कांहींशा तोऱ्यानें सांगितलें. ‘मी किलोमीटर नाहीं विचारले, दादा, वर्षं विचारली,’ असें तो म्हणाला. वर्षें आठ झालीं होतीं.

ह्याची मीमांसा सोपी आहे. ब्रेक ऑइल हें नांवानें तेल असलें तरी वस्तुतः तेल नव्हे. तें ग्लायकोल जातीचें द्रव्य असून हवेंतील ओलावा शोषून घेणें हा त्याचा स्वभावच आहे. नवें ‘डॉट ३’ जातीचें ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या आंत उकळतां कामा नये, असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या स्थितींत हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ चे आंकडे अनुक्रमें २३० व १५५. घाटांत ब्रेक तापले म्हणजे हें ओलावलेलें ऑइल चाकापाशीं उकळतें व त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतो. वाफ दाबली जाते, म्हणून तो वाटेंतच जिरतो. थंड झाल्यावर वाफेचें पुन्हां द्रव होतें आणि दोष नाहींसा झाल्यासारखा दिसतो. आमच्या गाडीच्या कागदांवर दरसाल ‘ब्रेक ऑइल ठीक’ असा शेरा होता. पातळी खरोखरच ठीक होती; पाहिली गेली ती पातळीच.

येथें आमच्या सांगण्याचा मुख्य मुद्दा येतो. भाड्याची मोटार एका महिन्यांत धांवते तितकें अंतर शेतकऱ्याच्या घरची गाडी वर्षभरांत क्वचितच कापते. ती चालण्यापेक्षां उभीच अधिक असते, आणि उभ्या गाडीचेंही वय वाढतें. कारखान्याच्या पुस्तकांत ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जें आधीं होईल तें’ असें स्पष्ट छापलेलें असतें; आपण त्यांतील पूर्वार्ध तेवढा वाचतों. ब्रेक ऑइल सामान्यतः दोन वर्षांनीं, इंजिन ऑइल गाडी थोडी चालली तरी वर्षांतून एकदां बदलावें. ज्या इंजिनास साखळीऐवजीं रबरी टायमिंग बेल्ट आहे, त्याचा पट्टा मुदतीनंतर एक दिवसही ठेवूं नये. तो तुटला म्हणजे बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून सर्वच मोडतें. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वाळतें, म्हणून हे आंकडे पाहावे.

रेडिएटरविषयीं शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. विहिरीच्या जड पाण्यानें ठिबकच्या तोट्या कशा बुजतात व आपण त्यांत आम्ल कां सोडतों, हें तो जाणतो. तेंच पाणी रेडिएटरांत ओतलें म्हणजे तेच क्षार इंजिनाच्या पाणवाटांत बसतात. कूलंट व शुद्ध केलेलें पाणी ह्यांचें मिश्रण भरावें. विहीर कितीही गोड्या पाण्याची असो.

डिझेलची गोष्ट आम्हांस महागांत पडली. ट्रॅक्टरसाठीं आणलेल्या पिंपांतील डिझेल आम्ही गाडींतही घालीत होतों. रात्रीच्या गारव्यानें अर्धवट भरलेल्या पिंपांत दंव धरतें व पाणी तळाशीं बसतें. जुना ट्रॅक्टर तें निमूट पचवितो. परंतु ह्या गाडीची कॉमन रेल रचना निराळी आहे. चाकांत हवेचा दाब दोन-सवादोन बार असतो; येथें डिझेलचा दाब १,६०० बारच्या घरांत जातो, आणि इंजेक्टरचीं छिद्रें अतिशय बारीक असतात. २०१४ सालीं चारही इंजेक्टर बदलावे लागले. फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून सांठलेलें पाणी काढण्याची सोय त्या गाडींत पहिल्या दिवसापासून होती. आम्हांस ती चार वर्षांनीं कळली.

सर्वांत मोठी हयगय खतांची. मागलीं आसनें दुमडलीं म्हणजे सहा-सात पोतीं सहज मावतात, आणि ‘आज एवढी खेप’ म्हणतां म्हणतां आम्हीं अनेक हंगाम काढले. म्युरिएट ऑफ पोटॅश हें क्लोराइड आहे, मिठाचेंच भावंड. पोत्यांतून सांडलेली भुकटी गालिच्याखालीं जाते, ओलावा ओढते आणि पत्रा खाते. २०१९ सालीं गालिचा उचलला तेव्हां बूडपत्र्यांतून खालची जमीन दिसली. खालून चासीची दशाही चांगली नव्हती. पोकळ तुळयांतील पाणी जाण्यासाठीं ठेविलेलीं भोकें चिखलानें बुजून गेलीं होतीं, व आंतून गंज धरला होता. तेव्हांपासून पावसाळ्यांत दोनदां व दसऱ्यापूर्वीं एकदां गाडी खालून धुतों. फवारणीचा एच्.टी.पी. पंप ह्या कामीं उत्तम; मात्र त्यांतील औषधाचा अंश आधीं धुवून काढावा. खत आतां ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतूनच येतें.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस्. ६ नियमांच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडविणारा डी.पी.एफ्. नांवाचा फिल्टर असतो. ती काजळी जाळावयास गाडी कांहीं वेळ सलग वेगानें चालावी लागते. घर ते मळा, मळा ते डेअरी एवढ्याच फेऱ्या होत असतील, तर तो तुंबण्याचा धोका आहे. अशा घरीं पंधरा-वीस दिवसांनीं एकदां गाडी हमरस्त्यावर अर्धा तास न्यावी, अथवा खरेदीपूर्वींच पेट्रोलचा विचार करावा.

पंधरा वर्षें झालीं म्हणजे गाडी भंगारांत द्यावीच लागते, हा प्रवाद खरा नाहीं. दिल्ली परिसरांतील निर्बंधांवरून तो इकडे पसरला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, व तपासणींत गाडी योग्य ठरल्यास पुढें पांच वर्षांसाठीं वाढवितां येते. मोटारीच्या ह्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर निराळा.

२०२५ सालीं आमच्यापुढें हाच प्रश्न आला. चिरंजीवांचें मत नव्या गाडीकडे होतें. आम्हीं वही काढली. डिझेल व विमा वगळून पंधरा वर्षांत दुरुस्ती, टायर व बॅटऱ्या ह्यांवर सुमारें ३,६०,००० रुपये गेले होते. त्यांपैकीं इंजेक्टर, बूडपत्रा व चासीचें काम मिळून सव्वा लाख, म्हणजे निवळ आमच्या हयगयीचा आकार. तो वजा केल्यास गाडीनें वर्षास सोळा हजारांहूनही कमी मागितले. चिरंजीवांनीं दोनदां बेरीज केली व वही मिटली. तपासणीस पहिल्या खेपेस हातब्रेक सैल म्हणून गाडी परत आली, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाली. नोंदणी २०३० पर्यंत आहे. ब्रेक ऑइल त्याच आठवड्यांत बदललें, आणि तारीख रंगानें डबीच्या झांकणावर लिहून ठेविली.