दिवे वाढवा!

लघुचित्रांच्या दालनात उजेड ५० लक्सच्या आसपासच ठेवायचा, हा जगभरचा दंडक. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला सुरुवातीला काही दिसत नाही, आणि तो अभिप्रायवहीत लिहितो, ‘दिवे वाढवा.’ मुंबईतल्या एका संग्रहालयाच्या संचालिका ही वही नेमाने वाचतात. दिवे काही वाढत नाहीत. लाखेचा लाल आणि वनस्पतींपासून केलेले पिवळे रंग उजेडाने उडतात, आणि एकदा उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून चित्र काही महिने भिंतीवर राहतं, मग दीर्घकाळ अंधाऱ्या कपाटात. कुठलं चित्र कधी बाहेर काढायचं, यावर शेवटचा शब्द त्यांचा.

जुलैतल्या एका सकाळी, दारं उघडायच्या आधी, त्यांच्याबरोबर दालनं फिरलो. चित्राआधी त्यांची नजर आर्द्रतामापकावर जाते. बाहेर नव्वद टक्के, आत पन्नाशीच्या आसपास हवी. नाहीतर कागद फुगतो, बुरशी धरते.

“रात्री लाईट गेली होती का?”

“गेली होती मॅडम, पण जनरेटर लगेच लागला.”

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. बॅटरीचा झोत तिरपा टाकून त्यांनी एकेक चित्र पाहिलं. समोरून न दिसणारा उचललेला रंग आणि बुरशीची पांढुरकी लव तिरप्या उजेडात उठून दिसते.

संचालकाच्या खुर्चीवर पूर्वी बहुधा अभ्यासक बसत. मोतीचंद्र लंडनहून डॉक्टरेट घेऊन आले, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये कलाविभाग सांभाळला आणि १९५० मध्ये संचालक झाले. प्राचीन वेशभूषा आणि व्यापारी मार्ग यांवर त्यांनी मोठी पुस्तकं लिहिली. त्यांच्यानंतर आले सदाशिव गोरक्षकर. आज विजेचं बिल, देणगीदार आणि विम्याचे कागद यांतून पुस्तकाला वेळ उरणं कठीणच. तरी अभ्यासक परवडला. सरकारी संग्रहालयांत हे पद कित्येकदा ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून कुणाच्या तरी गळ्यात पडतं, आणि साहेबांना वस्तू ओळखू येईपर्यंत बदली होते.

खरा कस लागतो उसन्या वस्तूंत. त्याच जुन्या म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, २०१७ साली ‘भारत आणि जग’ हे प्रदर्शन भरलं, तेव्हा एकट्या ब्रिटिश म्युझियममधून शंभराहून अधिक वस्तू आल्या होत्या. अशी पेटी आली की लगेच उघडायची नसते. आतल्या वस्तूला इथली हवा सोसावी म्हणून ती निदान चोवीस तास बंदच ठेवतात. मग धनको संग्रहालयाचा माणूस आणि इथला क्युरेटर समोरासमोर बसून जुना अहवाल हातात घेऊन प्रत्येक ओरखडा, प्रत्येक टवका ताडून पाहतात. मतभेद झाला की बोलावणं येतं संचालकांना.

आमची फेरी संपेतो मॅडमचा फोन वाजला. शाळेच्या सहलीच्या चार बसगाड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या आणि वाहतूक पोलीस त्या तिथे थांबू देत नव्हते. बॅटरी क्युरेटरच्या हातात देऊन त्या तशाच पावसात फाटकाकडे निघाल्या.