श्रीरामपूरची आग आणि आपला भरवसा

मागच्या जूनमध्ये पप्पा गेले. चार दिवस घरात माणसांची ये-जा होती. मंडळीतले लोक आले, शेजारची कन्नड कुटुंबं आली, पप्पांच्या कामावरचे सोबती आले. निघताना बहुतेकजण एकच वाक्य बोलून जायचे, “देवाची इच्छा, बाळ. भरवसा ठेव.” बोलणाऱ्यांच्या मनात माझ्याविषयी मायाच होती. पण ते वाक्य ऐकलं की माझं तोंड बंद व्हायचं. इच्छा देवाचीच असेल, तर तक्रार करायची कुणाकडे? त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी उपासनेला जायचे, गीतं गायचे, पण एकटी प्रार्थनेला बसले नाही.

भरवसा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. आपल्यापैकी कुणाचं वर्ष वाया गेलं असेल, कुणाच्या वडिलांची नोकरी गेली असेल, कुणी माझ्यासारखं घरचं माणूस गमावलं असेल. म्हणून मला जे उमगलं ते इथे मांडते.

पहिली गोष्ट मला ईयोबाच्या पुस्तकात सापडली. मुलं, संपत्ती, प्रकृती, सगळं गमावलेल्या ईयोबाला भेटायला त्याचे तीन मित्र येतात. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. मग बोलू लागतात, आणि तिथून बिघडतं. तुझ्या दुःखाचं कारण हे, तुझी चूक ही, देवाचा न्याय असा. प्रत्येकाजवळ उत्तर तयार. ईयोब मात्र भांडतो, देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, तुम्ही नाही, असा त्याचा निवाडा आहे. शाळेत रविवारी ही गोष्ट मी कितीदा ऐकली होती, पण हा शेवट कधी नीट लक्षात आला नव्हता.

स्तोत्रसंहितेतही तेच. दीडशे स्तोत्रांपैकी विलापाची स्तोत्रं फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांची एक ठरावीक चाल असते: आधी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणं, आणि शेवटी बहुधा भरवशाचे शब्द. तेरावं स्तोत्र वाचून पाहा; सहा ओव्यांत ही सगळी वाट चालून होते. पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कारण ते अंधारातून का होईना, देवाशीच बोलतं. वधस्तंभावर खुद्द येशूच्या ओठांवर आले ते बाविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीचे, टाकून दिल्याच्या वेदनेचे शब्द. तेव्हा तक्रार करणं म्हणजे भरवसा सुटणं नव्हे. भरवसा सुटतो तो बोलणंच थांबतं तेव्हा. माझं तेच झालं होतं.

पण नुसतं बोलून आयुष्य पुढे जात नाही. तिथे मला विल्यम केरींची गोष्ट उपयोगी पडली. आपल्या वाङ्मय मंडळाशी त्यांचं नातं आहे. इंग्लंडात चांभारकाम केलेला हा माणूस 1793 साली बंगालमध्ये आला. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागला. मराठीचं व्याकरण 1805 साली, मराठी-इंग्रजी कोश 1810 साली आणि मराठी नवा करार 1811 साली त्यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. (हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं.) वैजनाथ पंडितांसारखे मराठी जाणकार या कामात त्यांच्या बरोबर होते.

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी त्या छापखान्यात कागदाच्या कोठाराला आग लागली. केरी तेव्हा कलकत्त्यात होते. त्यांचे सहकारी विल्यम वॉर्ड यांनी दारं-खिडक्या बंद करून आग कोंडली आणि वरून छप्पर फोडून तासन् तास पाणी ओतलं. आग आटोक्यात येते आहे असं वाटत असतानाच कुणीतरी खिडक्या उघडल्या. वारा आत शिरला आणि मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळलं. कागद गेला, अनेक भाषांचे खिळे वितळले. त्याहून मोठं नुकसान हस्तलिखितांचं. तेलुगू व्याकरण, पंजाबी व्याकरणाचा बराच भाग, रामायणाच्या भाषांतराचं काम, कन्नड नवा करार, आणि संस्कृत व तिच्याशी नातं असलेल्या भाषांचा मोठा कोश. नक्कल काढून ठेवायचा तो काळ नव्हता. वर्षानुवर्षांची मेहनत एका रात्रीत राख झाली.

दुसऱ्या दिवशी जोशुआ मार्शमन कलकत्त्याला जाऊन केरींना ही बातमी देऊन आले. ती ऐकून केरी इतके सुन्न झाले की त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. हा क्षण मला महत्त्वाचा वाटतो. विश्वासाचा माणूस म्हणून त्यांनी लगेच हसून दाखवलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी सेहेचाळिसाव्या स्तोत्रावर उपदेश केला. स्वस्थ राहून देवाला देव म्हणून ओळखण्याविषयी. मूळ हिब्रू शब्दात हात सैल सोडण्याचा अर्थ आहे. आपल्या मुठीत सगळं आहे हा समज सोडायचा, एवढंच.

मात्र हात सैल सोडले म्हणून ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. ढिगाऱ्यात शोधल्यावर छापयंत्रं शाबूत निघाली, आणि खिळे ज्यांवरून पाडतात ते पोलादी ठसे आणि साचेही. वितळलेलं शिसं गोळा करून त्याचेच नवे खिळे पाडायला सुरुवात झाली. काही आठवड्यांत छपाई पुन्हा चालू झाली. बातमी इंग्लंडात पोचली तेव्हा तिथल्या मंडळ्यांनी काही महिन्यांतच नुकसान भरून निघेल इतका पैसा उभा केला.

इथेच थांबलं तर गोष्ट फार गोड होते. म्हणून उरलेलंही सांगते. तो मोठा कोश पूर्ण होऊन छापून कधीच आला नाही. आणि आगीच्या कितीतरी आधी, 1794 साली, केरींचा पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला होता. त्याचं थडगं खणायलाही माणूस मिळेना. त्या काळात त्याची आई डोरोथी मनाने जी खचली ती 1807 साली मरेपर्यंत सावरली नाही. शिसं वितळवून पुन्हा खिळे पाडता येतात; माणसाचं तसं होत नाही. देव सगळं परत देतो, असं आपण एकमेकांना सांगू नये. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानाची आहे, आणि पुनरुत्थानाच्या आधी कबर आहेच. येशूही लाजराला उठवण्याआधी रडला.

तर मला कळलेला भरवसा असा: देवाशी बोलणं सोडायचं नाही, मग ते बोलणं भांडण का असेना, आणि जे उरलं आहे ते हातात घेऊन कामाला लागायचं. का, याचं उत्तर मिळेपर्यंत थांबायचं नाही. ते मला अजून मिळालेलं नाही.

आणि कुणाच्या घरी दुःख झालं, तर ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केलं तेवढंच करूया. जवळ बसूया. चहा टाकूया, आलेल्यांना पाणी देऊया. अर्थ सांगायची घाई नको.

आमच्या आजीला काचबिंदूमुळे दिसत नाही. रोज रात्री जेवणानंतर पप्पा तिला शुभवर्तमानातला एक अध्याय वाचून दाखवायचे. ते गेल्यावर पुस्तक कपाटावर तसंच पडून होतं. ऑगस्टमध्ये एका रात्री आजीच म्हणाली, “योहानाचा अकरावा राहिलाय बघ.” पप्पांनी ठेवलेली खूण तिथेच होती. मी वाचायला बसले. मध्येच रडू आलं, तेव्हा थांबले. आजीही रडली. मग म्हणाली, “हं, पुढं वाच.”