रेने : एका नावातील दुसरा जन्म

शाळेत निर्देशक भूमितीचा अभ्यास सुरू झाला की एक फ्रेंच नाव मराठी मुलांच्या कानी पडते : रेने देकार्त. अक्षांची पद्धत मुले शिकतात, सूत्रे पाठ करतात. परंतु त्या गणितज्ञ तत्त्ववेत्त्याला ‘रेने’ का म्हणत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या दोन अक्षरी नावाचा अर्थ आहे ‘पुन्हा जन्मलेला’.

मूळ शब्द लॅटिन भाषेतील ‘रेनातुस’. ‘रे’ म्हणजे पुन्हा आणि ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला. इटालियन व पोर्तुगीज भाषांत त्याचे ‘रेनातो’ झाले, तर फ्रेंचमध्ये ‘रेने’. फ्रेंच लोकांच्या तोंडी त्याचा उच्चार ‘रने’ असा काहीसा होतो. मुलीचे नाव लिहिताना शेवटी एक अक्षर वाढते, उच्चार मात्र तोच राहतो.

पुन्हा जन्म म्हटले की जैन वाचकाच्या मनात भवभ्रमणाचा विचार सहज येतो. येथे मात्र अर्थ निराळा आहे. प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजात बाप्तिस्म्याच्या जलसंस्काराला नवा जन्म मानीत. देह तोच, आयुष्यही तेच. जुने जीवन संपून त्याच देहात नवे सुरू झाले, अशी ती श्रद्धा. म्हणूनच या नावाचा भाव पुनर्जन्मापेक्षा दीक्षेच्या अधिक जवळ जातो. दीक्षार्थी संसारातील नाव मागे ठेवतो आणि नव्या नावाने ओळखला जातो. फरक एवढाच की दीक्षेचे नाव जाणत्या वयात स्वीकारले जाते, तर ‘रेने’ हे नाव बाळाला पाळण्यातच मिळते.

या नावामागे पश्चिम फ्रान्समधील आंजे या नगराची एक आख्यायिकाही आहे. तेथील बिशप मोरिल यांच्याकडे एक माता आपल्या मरणासन्न बाळाला संस्कारासाठी घेऊन आली. बिशप पूजाविधीत गुंतले होते. त्यांना उशीर झाला आणि बाळ दगावले. पश्चात्तापाने होरपळलेल्या मोरिल यांनी पद सोडले, समुद्रापार जाऊन माळ्याची चाकरी पत्करली. सात वर्षांनी परतल्यावर त्यांनी बाळाच्या थडग्यापाशी प्रार्थना केली आणि ते मूल जिवंत झाले. त्याचेच नाव ‘रेने’ ठेवले गेले. इतिहासकार ही कथा दंतकथाच मानतात. तरीही एका क्षणाच्या विलंबासाठी सात वर्षांचे प्रायश्चित्त घेणारा धर्मगुरू लोकांच्या स्मरणात राहिला. फ्रेंच दिनदर्शिकेत १९ ऑक्टोबर हा दिवस आजही संत रेने यांच्या नावाने छापला जातो.

दिनदर्शिकेतील हे स्थान पुढे महत्त्वाचे ठरले. १८०३ च्या कायद्याने फ्रान्समध्ये मुलांची नावे दिनदर्शिकांतून अथवा प्राचीन इतिहासातील व्यक्तींवरूनच ठेवण्याचे बंधन घातले. पुढे हे बंधन सैल होत गेले. आईवडिलांना नावाचे खरे स्वातंत्र्य १९९३ मध्ये मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘रेने’ हे अतिशय लोकप्रिय नाव होते. आज मात्र ते ऐकताच फ्रेंच माणसाच्या डोळ्यांसमोर एखादे आजोबा उभे राहतात.

देकार्त यांचा जन्म १५९६ चा. आईच्या माहेरचे रेने ब्रोशार हे त्यांचे धर्मपिता होते; त्यांचेच नाव बाळाला मिळाले. मराठी घरांत बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. तेथे हा मान धर्मपित्याचा असे. बाळ जेमतेम सव्वा वर्षाचे होण्यापूर्वीच आई निवर्तली. बाळाची प्रकृती इतकी नाजूक होती की ते फार जगणार नाही, असे वैद्य म्हणत. तो मुलगा चोपन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यापर्यंत जगला.

नावाचा अर्थ आयुष्यात उतरलेला पाहायचा तर रेने कासँ यांच्याकडे पाहावे. त्यांचा जन्म १८८७ मध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. ज्या घरात बाप्तिस्मा नाही, त्या घरानेही हे नाव निःसंकोच स्वीकारले होते, इतके ते फ्रेंच जीवनात मुरले होते. १९१४ च्या युद्धात कासँ यांच्या पोटाला गंभीर जखम झाली, ते वाचले. हाती आलेले दुसरे आयुष्य त्यांनी आधी युद्धातील जखमी सैनिक व अनाथ मुले यांच्यासाठी वेचले. पुढे मानवी हक्कांचा जो वैश्विक जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला, त्याच्या प्रमुख शिल्पकारांत ते होते. १९६८ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नाव देणारे वडीलधारे केवळ आशीर्वाद देतात. पुन्हा जन्म घेण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.