नाताळाक येतलास ना?

डिसेंबर उजाडला की ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो, ‘बॉस, थर्टीफर्स्टचं काय?’ कुणीतरी गोवा म्हणतं. दुसरा मोबाइलवर गोव्याचे हॉटेल रेट्स वाचून दाखवतो आणि टेबलावर दोन मिनिटं शांतता पसरते. मग ग्रुपमधला कुडाळचा नाहीतर देवगडचा मेंबर घसा खाकरतो, ‘मालवणला चला की! समुद्र तोच, मासे त्याहून बरे.’ झालं, प्लॅन ठरला. स्कूबा, तारकर्ली, सुरमई थाळी, सिंधुदुर्ग किल्ला, परत. तीन रात्री, चार दिवस.

प्लॅन वाईट अजिबात नाही. फक्त त्यात एक गोष्ट हमखास सुटते. सिंधुदुर्गात नाताळ असतो. गोव्याहून उरलासुरला इकडे सांडलेला नव्हे, इथला स्वतःचा. तो मालवणी बोलतो, नेवऱ्या तळतो आणि शेजारच्या देवळातल्या जत्रेला खाजा घ्यायलाही जातो. आणि तो बघायला गर्दीच्या नेमक्या त्याच चार दिवसांत जायची गरज नसते. ते कसं, ते पुढे सांगतेच.

आधी थोडा इतिहास, घाबरू नका, थोडाच. पोर्तुगीज काळात गोव्यातली बरीच ख्रिस्ती कुटुंबं सीमा ओलांडून सावंतवाडी संस्थानात आली आणि इथलीच झाली. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवबाग, आरोंदा, आजगाव अशा गावांतून त्यांची घरं पसरली. आडनावं फर्नांडिस, डिसोझा, पण भात, माड, मासेमारी आणि भांडणसुद्धा अस्सल कोकणी! सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1 मे 1981 ला, पण इथली चर्चेस 2005 पर्यंत पुण्याच्या धर्मप्रांतात होती. त्या वर्षी सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि सावंतवाडीचं मिलाग्रीस चर्च त्याचं कॅथीड्रल बनलं. मोती तलावाभोवती चक्कर मारून सेल्फी काढणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की या छोट्या शहरात एक कॅथीड्रल आहे आणि त्याच्या फादरांचा कारभार रत्नागिरी-कोल्हापूरपर्यंत चालतो?

आणि ‘नाताळ म्हणजे इंग्रजी सण’ असं कुणी म्हणालंच, तर एक माहिती खिशात ठेवा. येशूच्या जन्माची गोष्ट मराठी ओव्यांमध्ये 1616 साली छापली गेली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’, जवळपास 11 हजार ओव्या, छपाई गोव्यातल्या राचोलला. लिहिणारा जन्माने इंग्रज होता, पण ओवी आपली. म्हणजे मराठी नाताळला चारशे वर्षं होऊन गेली.

चाकरमानी फक्त गणपतीलाच येतात?

गणपतीला मुंबईकर कोकणात कसा जातो हे आपल्याला पाठ आहे. रेल्वेत पाय ठेवायला जागा नाही, डोक्यावर सामान, पण चेहऱ्यावर हसू. तीच गोष्ट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा घडते, फक्त तिची बातमी होत नाही. मुंबईत नोकरी करणारे, आखातात असलेले, जहाजावर काम करणारे ख्रिस्ती चाकरमानी नाताळला घरी यायला निघतात. वर्षभर कुलूप लावलेली घरं उघडतात. अंगण सारवलं जातं, विहिरीचा पंप दुरुस्त होतो, आणि पोरांना समजतं की आपल्याला मालवणी बोलणारी एवढी चुलत-मावस भावंडं आहेत.

हे कुलूप साधं नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण सिंधुदुर्गची कमी झाली. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या जिल्ह्यात साडेआठ लाखांच्या आत माणसं होती. म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या माणसासाठी गणपती किंवा नाताळ हे सणापेक्षा जास्त काहीतरी असतं. घरात आवाज असण्याचे ते दहा दिवस.

आता आपला प्रॉब्लेम बघा. ही माणसं ज्या गाडीने येतात, त्याच गाडीने आपण गोव्याला जातो. कोकणकन्या, मांडवी, तुतारी, वंदे भारत. तुतारी सावंतवाडीलाच थांबते, बाकीच्या मडगावपर्यंत जातात आणि डिसेंबरच्या शेवटी त्या भरतात त्या गोव्याच्या पार्टीवाल्यांनी. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं रिझर्व्हेशन 120 दिवसांऐवजी 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे 24 डिसेंबरच्या गाडीसाठी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, सकाळी आठ वाजता, आणि स्पीड आयटीवाल्यांच्या वायफायची! बोटीवर असलेला माणूस ते तिकीट कुठून काढणार? त्याला सुट्टी कधी मिळणार हेच त्याला तेव्हा ठाऊक नसतं.

म्हणून एक साधी आयडिया. 22, 23, 24 तारखांच्या गाड्या सोडा. 26 ला निघा. त्यांना 24 च्या संध्याकाळी घरी पोचायलाच हवं, तुम्हाला नाही. आणि तुमचं काही बुडतही नाही, कारण नाताळ 25 ला संपत नाही. गोठा (येशूजन्माचा देखावा हो!) 6 जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत मांडलेला असतो. चांदण्या लटकत असतात, डबे अजून भरलेले असतात, आणि घरातल्या बायकांना पहिल्यांदाच बसायला फुरसत मिळालेली असते. पाहुणा यावा तर तेव्हा. जानेवारीचा पहिला वीकएण्ड तर झक्कासच. हॉटेलवाला पण तुमच्याशी माणसासारखं बोलतो.

गोठा, चांदणी आणि दोदोल

बाहेरून येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसते ती चांदणी. दिवाळीचा आकाशकंदील उतरला की बांबूच्या तसल्याच काड्या आणि तसलाच कागद, फक्त आकार पाच टोकांचा. गोठ्यासाठी गवत हवं म्हणून गोव्यात आणि इकडेही कित्येक घरांत करवंटीत नाचणी पेरतात. डिसेंबरच्या सुरुवातीला पेरली की सणाला हिरवीगार लव तयार. आपल्याकडे घटस्थापनेला धान्य रुजवतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे बघून घरचंच वाटेल.

आणि खाणं. इथे जरा थांबूया, कारण यासाठीच तर निम्मे लोक वाचतायत! नेवरी म्हणजे आपली करंजी, ती गणपतीला होते तशीच नाताळलाही. कुलकुल हे पिठाचे छोटे शंख, काट्या-चमच्याच्या किंवा स्वच्छ फणीच्या पाठीवर वळलेले. हे काम पोरांचं, आणि निम्मा माल कच्चाच पोटात जातो. दोदोल मात्र पोरांचं काम नाही. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ मोठ्या कढईत तासन् तास ढवळत राहायचं. हात थांबला की खाली लागलंच. म्हणून एक दमला की दुसरा उभा राहतो. ज्या घरात दमायला दुसरा माणूसच नाही, त्या घरात दोदोल विकतचा येतो. बेबिंकाचं तंत्र आणखी वेगळं. अंड्याचा बलक आणि नारळाच्या दुधाचे थर, प्रत्येक थर वरून विस्तव देऊन भाजायचा आणि मगच पुढचा ओतायचा. सात थरांचा बेबिंका म्हणजे अर्धा दिवस गेला समजा. कॉर्पोरेट गिफ्ट हॅम्परमधला तुकडा तोंडात टाकताना हे आठवा.

तिखटात सोरपोतेल. डुकराचं मांस, काळीज, व्हिनेगर. हा पदार्थ दोन-तीन दिवस आधी करतात, कारण मुरल्यावरच त्याला चव येते. सोबत माडीवर आंबवलेल्या सान्नां. जे हे खात नाहीत त्यांनी तोंड वाकडं करू नये, कोंबडी-वडे याच जिल्ह्याचे आहेत आणि तेही मिळतात.

गोडाचं ताट शेजारी जातं. दिवाळीत फराळ घेऊन गेलेलं तेच ताट. हिंदू घरात गुरुवारचं व्रत असलं तर शेजारीण आपणहून अंडं नसलेलं वेगळं काढून ठेवते. यावर कुणी भाषण देत नाही, फोटोही काढत नाही.

मिस्साला जायचंय?

जा की! 24 च्या रात्रीची मिस्सा मराठीत आणि कोकणीतही होते, आणि शांत बसणाऱ्या पाहुण्याला चर्चमध्ये कुणी उठवत नाही. पण वेळ आधी विचारून घ्या. ‘मिडनाइट मास’ म्हणतात म्हणून बाराला पोचाल तर कदाचित लोक केक खाऊन घरी निघालेले असतील, कारण रात्री दहानंतरच्या लाऊडस्पीकरचे नियम चर्चलाही आहेत. मागच्या बाकांवर बसा. समोरची जागा त्यांची, जी माणसं हा एक दिवस धरून हजार मैलांवरून आलीत. प्रसादासारखी रांग लागते ती कम्युनियनची, ती फक्त त्यांच्या संस्कारांत असलेल्यांसाठी. उत्साहाच्या भरात त्यात उभं राहू नका. शॉर्ट्स आणि बीचचे कपडे हॉटेलवर. आणि रील? मिस्सा चालू असताना रील काढणाऱ्या माणसाबद्दल आमचं मत छापण्यासारखं नाही.

रात्र अजून संपली नाही

सिंधुदुर्गातल्या डिसेंबरची खरी गंमत म्हणजे इथे दोन सीझन एकाच वेळी चालू असतात. त्रिपुरी पौर्णिमेपासून गावोगावच्या जत्रा सुरू झालेल्या असतात आणि रात्रभर दशावतार रंगत असतो. 2025 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘दशावतार’ सिनेमात दिलीप प्रभावळकरांना बघून भारावलेल्यांनी आता खरा प्रकार बघावा. संवाद लिहिलेले नसतात, पुरुषच बाईची भूमिका करतात, आणि मध्यरात्रीनंतर संकासूर आला की झोपलेली पोरं उठून बसतात. पत्ता नेटवर शोधू नका. चहाच्या टपरीवर विचारा, ‘आज जत्रा खंय आसा?’ उत्तर मिळतंच, बहुतेक वेळा सोबत एक माणूसही मिळतो.

म्हणजे दिवसा सावंतवाडीत गोठे बघायचे, रात्री पाच-दहा किलोमीटरवरच्या देवळात दशावतार. मधल्या वेळात चितार आळी. लाखेच्या रंगातली लाकडी फळं, बैलगाड्या, भोवरे. राजवाड्यात हाताने रंगवलेला गंजिफा बघा. दशावतारी गंजिफाचे 120 पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. आपल्या 52 पत्त्यांत रमीला डोकं लागतं, तर या खेळाला किती लागत असेल!

मालवणला जायचं तर सरळ सांगते, किल्ला सकाळी लवकर करा. 2025 च्या जुलैमध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला, त्यामुळे जेट्टीवरची रांग लांबणारच. आणि समुद्राशी मस्ती नको. 2017 च्या एप्रिलमध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या सहलीतली आठ जणं बुडाली. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट मागून घ्या, नसेल तर बोटीत चढू नका. ‘दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे’ म्हणणाऱ्या बोटवाल्याला नाही म्हणायला शिका.

थर्टीफर्स्टला बीचवर शेकोटी आणि स्पीकर हा प्लॅन असेल, तर वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर तरी नको. ऑलिव्ह रिडले कासवं याच थंडीत अंडी घालायला वर येतात, आणि उजेड-गोंगाट दिसला की माघारी फिरतात. गावकरी रात्र-रात्र जागून ती अंडी राखतात. त्यांच्याच वाळूत बाटल्या पुरून आपण निघून यायचं, हे काही बरं दिसत नाही.

पोचायचं कसं? मालवणला रेल्वे नाही. कुडाळ किंवा कणकवलीला उतरून एसटी किंवा रिक्षा. सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नसून मळगावात आहे, त्यामुळे रात्रीच्या गाडीने येत असाल तर रिक्षा आधी सांगून ठेवा. चिपी विमानतळ 2021 च्या ऑक्टोबरात सुरू झाला, पण तिथली विमानं बदलत असतात, तपासूनच प्लॅन करा. गोव्याचं मोपा विमानतळ सीमेला इतकं लागून आहे, की तिथून सावंतवाडी तासाभराच्या आत येते. राहायला होमस्टे बघा. ख्रिस्ती घरातला मिळाला तर लॉटरीच, न मिळाला तर शेजारी कोण आहे ते विचारा.

आणि तिथे ताट आलं, तर ते रिकामं परत देऊ नका. चितार आळीतली लाकडी फळं द्या, जत्रेतला खाजा द्या. मुंबईहून नेलेला केक मात्र नको, तो त्यांच्याकडे आहे आणि तुमच्यापेक्षा चांगला आहे.