स्काऊटांचा डाव्या हाताचा शेकहँड

भारतात स्काऊटिंग आलं 1909 मध्ये, बंगळूरला. पण सुरुवातीला ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतंच होतं. 'सगळे स्काऊट भाऊ' म्हणणाऱ्यांच्या दारात देशी पोरांना मज्जाव!

मग ॲनी बेझंट यांनी 1917 मध्ये वेगळी संस्था काढली. पाठोपाठ मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांची सेवा समिती उभी राहिली. कुंझरू गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले, म्हणजे धागा थेट पुण्याशी. अखेर अशा वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था जन्मली. गर्ल गाईड्स पुढच्या वर्षी सामील झाल्या.

या संस्थेत वयाप्रमाणे गट: लहानगे कब-बुलबुल, मग स्काऊट-गाईड, पुढे रोव्हर-रेंजर. सहा-आठ मुलांचा संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक. गळ्यातला स्कार्फ नुसता शोभेचा नाही; हात मोडला की त्याचीच झोळी होते.