भाकरीतले ल्युसिन

ल्युसिन हे अमिनो आम्ल माणसाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. अशी नऊ अमिनो आम्ले आहेत. ती अन्नातूनच यावी लागतात. १८१९ मध्ये जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ल्युसिन चीजमध्ये आढळले. पुढच्याच वर्षी आंरी ब्राकोनो यांनी मांस आणि लोकर यांच्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून त्याचे पांढरे स्फटिक वेगळे काढले. त्याच्या रेणूत सहा कार्बन असून त्याची साखळी टोकाशी दुभंगते. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही त्याची दोन भावंडेही अशीच, म्हणून तिघांना मिळून शाखायुक्त अमिनो आम्ले म्हणतात. ल्युसिनच्या साखळीला पाण्याचे वावडे असल्याने प्रथिनांची घडी पडताना ते बहुधा आतल्या बाजूला दडते आणि ती घडी टिकवून धरते. मानवी प्रथिनांत सर्वाधिक आढळणारे अमिनो आम्ल हेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ३९ मिलिग्रॅम ल्युसिन लागते. साठ किलोच्या माणसाची गरज त्या हिशेबाने सुमारे २.३ ग्रॅम होते. आता ज्वारीच्या तीन भाकऱ्या घेऊ. त्यांना साधारण २०० ग्रॅम पीठ लागते. त्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि त्या प्रथिनांत शेकडा १२ च्या घरात ल्युसिन. म्हणजे दिवसाची ल्युसिनची गरज तीन भाकऱ्यांतच भागली. पण त्याच भाकऱ्यांतून लायसिन मात्र गरजेच्या जेमतेम पाव हिस्सा मिळते. ती तूट पिठले किंवा वरण भरून काढते, कारण डाळींत लायसिन भरपूर असते. ज्वारीच्या दाण्यातला हा असमतोल एकेकाळी गंभीर वैद्यकीय संशोधनाचा विषय झाला होता.

दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा दिसत असे. उन्हाला उघडी राहणारी कातडी, म्हणजे हातपाय आणि मान, काळवंडून सोलते, जुलाब लागतात, पुढे बुद्धीला भ्रम होतो आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. रोग नियासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा. अमेरिकेच्या दक्षिणेत मका खाणाऱ्यांमध्ये तो पसरला होता. तो जंतूंमुळे नव्हे, निकस आहारामुळे होतो, हे तिथे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले होते. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडे नियासिन बनवते. मक्यात ट्रिप्टोफॅन फारच कमी, त्यामुळे तिथले कोडे सुटले. ज्वारीत मात्र ते मक्याइतके कमी नाही. मग ज्वारी खाणाऱ्याला पेलाग्रा का व्हावा?

हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बोट ठेवले ते ल्युसिनवर. (हीच प्रयोगशाळा पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली.) मका आणि ज्वारी या दोन्ही धान्यांत ल्युसिन जास्त, हा त्यांना दिसलेला समान धागा. माणसांना ल्युसिन दिल्यावर नियासिनपासून होणारे पदार्थ लघवीवाटे अधिक बाहेर पडतात, असे त्यांना आढळले. पुढे कुत्र्यांवर प्रयोग झाले. कुत्र्याला नियासिन कमी पडले की त्याची जीभ काळी पडते. जास्त ल्युसिनच्या ज्वारीवर ठेवलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडली, कमी ल्युसिनच्या वाणांवर ठेवलेल्यांची पडली नाही. त्यावरून १०० ग्रॅम प्रथिनांत ११ ग्रॅमपेक्षा कमी ल्युसिन असलेले ज्वारीचे वाण निवडावेत, असा सल्लाही दिला गेला. आयसोल्युसिन दिले की ल्युसिनचा हा परिणाम कमी होतो, असेही याच प्रयोगशाळेने मांडले.

सर्व प्रयोगशाळांना हे निष्कर्ष तसेच्या तसे मिळाले नाहीत. दाण्यातले बरेचसे नियासिन बांधलेल्या स्वरूपात असते आणि शरीराला ते सहजी मिळत नाही, या कारणाकडेही लक्ष वेधले गेले. त्यामुळे ल्युसिनवरचा आरोप पुरता सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. पण एकाच धान्यावर दिवस काढावे लागणे हे रोगाचे मूळ, याबद्दल वाद नाही. ताटात गहू-तांदूळ, डाळ, दूध आले तसा पेलाग्रा ओसरत गेला.

अशा मिश्र ताटाचे एक उदाहरण पनवेल तालुक्यात दिसते. हा तालुका मुळात भाताचा. तिथल्या कळंबोलीत सिडकोची वसाहत आणि लोखंड-पोलाद बाजार उभा राहिला, तशी घाटावरची माणसे आली आणि त्यांच्याबरोबर ज्वारीची भाकरीही. अशा वस्तीत आज भाकरीसोबत भात असतो, कालवण असते, अंडे असते. त्या जेवणातल्या ज्वारीच्या ल्युसिनची धास्ती घेण्याचे काहीच कारण नाही.

आता तर तेच ल्युसिन जिममध्ये डब्यांतून विकले जाते. डब्यावर ‘२:१:१’ असे छापलेले असते. दोन भाग ल्युसिन, एकेक भाग आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. या मागणीला शास्त्राचा आधार आहे, पण अर्धाच. पेशीत एमटॉर नावाची एक यंत्रणा असते. ल्युसिन पुरेसे आहे असे कळले की ती प्रथिने बांधण्याचे काम सुरू करते. पेशीतले ल्युसिन ओळखणारे सेस्ट्रिन-२ हे प्रथिनही गेल्या दशकात सापडले. मात्र स्नायू बांधायला वीसही अमिनो आम्ले लागतात. मुकादमाने कामाची हाळी दिली आणि विटाच आल्या नाहीत, तर भिंत उभी राहत नाही. नुसत्या तीन अमिनो आम्लांच्या भुकटीची गत तीच. दूध, अंडी, मासे, डाळी यांतून ल्युसिन येते ते बाकीचा माल घेऊनच. वाढत्या वयात स्नायू या इशाऱ्याला कमी दाद देतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या प्रत्येक जेवणात पुरेशी प्रथिने असावीत, हा सल्ला जास्त कामाचा.

बहुतेक अमिनो आम्लांचे विघटन यकृतात सुरू होते. ल्युसिनचे तसे नाही. त्यातला नायट्रोजन प्रामुख्याने स्नायूंत काढून घेतला जातो आणि उरलेल्या सांगाड्याची पुढची तोडणी यकृतासह इतर अवयवांत होते. शेवटी त्यापासून चरबीशी नाते सांगणारे पदार्थ बनतात. ग्लुकोज बनू शकत नाही. असे केवळ दोन अमिनो आम्लांच्या बाबतीत घडते, दुसरे लायसिन.

या तोडणीची दुसरी पायरी करणारे एन्झाइम जन्मतःच सदोष असेल, तर मेपल सिरप युरीन डिसीज हा दुर्मीळ आजार होतो. जॉन मेंकीस आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये त्याची पहिली नोंद केली. जगभरात सुमारे १,८५,००० जन्मांत एक, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. बाळ जन्मतः ठीक दिसते. पहिल्या आठवड्यातच ते दूध ओढेनासे होते, सुस्त पडते, अंग ताठ करते आणि लघवीला करपलेल्या साखरेचा वास येऊ लागतो. साठलेले ल्युसिन मेंदूला इजा करते, म्हणून निदानाला उशीर परवडत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून ते करता येते. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत म्हणूनच हा धोका वाढतो.

अशा बाळाचे ल्युसिन पूर्ण बंद करता येत नाही, कारण वाढीला ते हवेच असते. मोजून दूध आणि सोबत ल्युसिनविरहित खास पावडर, रक्ताची वारंवार तपासणी, आणि साध्या तापातही धावपळ, असे हे जन्माचे पथ्य आहे. यकृत प्रत्यारोपणाने ते सुटू शकते. नव्या यकृतातून मिळणारे एन्झाइम शरीराची गरज भागवते. अशा रुग्णाचे काढलेले यकृतही वाया जात नाही. ते दुसऱ्या गरजू रुग्णाला बसवल्याची उदाहरणे आहेत. त्या दुसऱ्या माणसाला हा आजार होत नाही, कारण त्याच्या स्नायूंत आणि इतर अवयवांत ते एन्झाइम शाबूत असते.