दुधावाचून वाढणारी मुले

दिंडोशीत आम्ही राहतो तेथून आरेची दूध वसाहत फार दूर नाही. मुंबईतील म्हशींचे गोठे दाट वस्तीबाहेर हलवावेत आणि नागरिकांना स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली ती उभी राहिली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. माझ्या सासूबाईंच्या आठवणीत आरे म्हणजे पहाटेची रांग, पत्र्याचे केंद्र आणि काचेच्या बाटल्या. अशा परिसरात राहूनही आमच्या घरी गेली बारा वर्षे दूध येत नाही. दही, तूप, पनीर, अंडी, मासे, मटण आणि मध यांपैकीही काही येत नाही. आमची दोन्ही मुले, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, याच आहारावर वाढली.

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एक अट घातली, ‘केवळ गुणगान नको, पालकांना उपयोगी पडेल असे लिहा.’ ही अट मला मनापासून मान्य आहे. कारण या वाटेवर आमच्याकडून एक गंभीर चूक झाली होती. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

व्हीगन म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली व्हीगन सोसायटी स्थापन केली आणि तेव्हाच ‘व्हीगन’ हा शब्द घडला. प्राण्यापासून मिळणारा कोणताही पदार्थ न खाणे, हा त्याचा आहारापुरता अर्थ. आपल्याकडे ‘शाकाहारी’ म्हटले की दूध-तूप गृहीत असते. म्हणूनच पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून व्हीगन आहाराची खात्री होत नाही. बिस्किटात दुधाची भुकटी असते, ‘एगलेस’ केकमध्ये लोणी असते, फरसाणाच्या पाकिटातही कधी ताकाची भुकटी सापडते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम आणि हिरव्या ‘व्ही’ अक्षराचे चिन्ह लागू केले. त्यामुळे दुकानातील शोध थोडा सोपा झाला आहे. तरी घटकांची यादी वाचण्याची सवय मुलांना लावावीच लागते. आमची मुलगी इंग्रजी वाचायला शिकली ती निम्मी पाकिटांवरच!

आपल्या ताटाचा प्रश्न

आपल्या समाजात हा विषय काढताना मला संकोच वाटतो आणि त्याचे कारण उघड आहे. कोण काय खातो यावरून माणसाची पायरी ठरवण्याचा इतिहास आपल्या आजी-आजोबांनी भोगला आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची जी नोंद आहे, ती वाचताना लक्षात येते की, ज्या अन्नाला इतरांनी हिणवले त्याच अन्नाने आपली माणसे दुष्काळात तगवली. माझ्या सासऱ्यांना आम्ही आमचा निर्णय सांगितला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सूनबाई, शुद्ध व्हायला निघाला असाल तर आम्हाला सांगू नका.”

त्या वाक्याने मला विचार करायला लावले. शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पनेतून आलेला शाकाहार माणसामाणसांत भिंत उभी करतो. जनावराच्या दुःखाचा विचार करून केलेली निवड मात्र कुणालाही खाली लेखत नाही, किंबहुना लेखू नये. भगवान बुद्धांनीही भिक्षुसंघावर शाकाहाराची सक्ती केली नव्हती. देवदत्ताने तसा आग्रह धरला असता त्यांनी तो नाकारला, असे विनयपिटक सांगते. पुढे महायान परंपरेतील लंकावतार सूत्राने मात्र मांसाहाराचा स्पष्ट निषेध केला. म्हणजे आपल्या परंपरेतच दोन्ही बाजू आहेत आणि निवड विवेकावर सोपवलेली आहे. आम्ही मुलांना सुरुवातीपासून सांगत आलो, की हा आपल्या घराचा निर्णय आहे. आजोबांच्या ताटाकडे नाक मुरडून पाहायचे नाही. सासरे आजही आमच्या शेजारी बसून सुकटीची चटणी खातात आणि नातू त्यांना भाकरी वाढतो.

आमची चूक

मुलाच्या जन्माच्या वेळी मला व्हीगन होऊन तीन वर्षे झाली होती. थोरलीच्या वेळी मी दूध-दही घेत होते. या वेळी नाही. सहा महिने निव्वळ स्तनपान, नंतर वरणाचे पाणी, नाचणीची पेज, मऊ भात असे सारे नियमाने चालले होते. आठव्या महिन्यात लक्षात आले की बाळ पूर्वीसारखे हसत नाही. पालथे पडायला शिकलेले मूल पडून राहू लागले, चेहरा फिकट झाला, बोटांच्या पेरांवर काळसरपणा आला. “शांत स्वभावाचं आहे,” असे आम्ही स्वतःला समजावत होतो. रक्त तपासल्यावर उलगडा झाला. बाळाच्या आणि माझ्या, दोघांच्याही शरीरात जीवनसत्त्व बी-१२ अत्यंत कमी होते.

हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीव तयार करतात. प्राण्यांच्या शरीरातून ते दूध, अंडी, मांस यांत उतरते. वनस्पतींमध्ये ते भरवशाने मिळत नाही. आईच्या शरीरात ते नसेल तर तिच्या दुधातही उतरत नाही. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९६२ सालीच ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा भारतीय अर्भकांचे वर्णन केले होते. म्हणजे माझ्या बाळाला जे झाले ते वैद्यकशास्त्राला माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते मला. बालरोगतज्ज्ञांनी इंजेक्शने सुरू केली. काही दिवसांत बाळाने नजर मिळवली, काही आठवड्यांत ते बसू लागले. आज तो फुटबॉल खेळतो. पण उपचाराला आणखी उशीर झाला असता तर मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होऊ शकला असता, हे डॉक्टरांचे शब्द मी विसरलेले नाही.

ही कमतरता केवळ व्हीगन घरांत असते असे मात्र नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळले. त्या व्हीगन नव्हत्या. साध्या शेतकरी घरांतील होत्या. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली, असे २००८ साली या गटाने प्रसिद्ध केले. महिन्यातून एकदा मटण आणि चहापुरते दूध असलेल्या घरांनीही ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

पालकांनी काय करावे?

पहिला नियम बी-१२ चा. व्हीगन घरात, विशेषतः गर्भवती आणि स्तनदा मातेने व मुलांनी, ते औषधाच्या रूपाने घेतलेच पाहिजे. मात्रा डॉक्टर ठरवतील. इडलीचे आंबवलेले पीठ, स्पिरुलिना, न धुतलेली भाजी यांतून ते मिळते, या सांगोवांगीवर विसंबू नये. स्पिरुलिनात बी-१२ सारखा दिसणारा पदार्थ असतो. तो मानवी शरीराच्या उपयोगी पडत नाही.

दुसरा नियम पहिल्या वर्षाचा. बाळाला आईचे दूध हेच त्याचे अन्न आहे आणि व्हीगन विचारात त्याला कोणतीही आडकाठी नाही. ते शक्य नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सोयाबीनवर आधारित शिशुआहार द्यावा. घरी काढलेले बदामाचे, नारळाचे वा तांदळाचे दूध अर्भकाला आईच्या दुधाऐवजी कधीही देऊ नये. त्यात वाढीसाठी लागणारी प्रथिने आणि खनिजे पुरेशी नसतात.

तिसरा प्रश्न कॅल्शियमचा. आणि तो प्रत्येक आजी पहिल्यांदा विचारते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस सांगते. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम असते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० आणि शंभर ग्रॅम तिळात हजाराहून अधिक. अर्थात तीळ कोणी शंभर ग्रॅम खात नाही आणि त्यातील सारेच कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणून एका पदार्थावर भार न टाकता नाचणी, तीळ, राजगिरा, माठ, शेवग्याचा पाला आणि कॅल्शियम घातलेले सोयापेय अशी वाटणी करावी. पालकातील कॅल्शियम ऑक्झलेटमुळे फारसे शोषले जात नाही, हेही लक्षात असावे. जोडीला ऊन हवे. इमारतींच्या सावलीत वाढणाऱ्या मुंबईच्या मुलांमध्ये ड जीवनसत्त्व तपासून घेणे शहाणपणाचे.

प्रथिनांची चिंता आपल्याकडे अकारण मोठी होते. भाकरी-उसळ, डाळ-भात, शेंगदाणे, सोयाबीन हे नीट खाणाऱ्या मुलाला प्रथिने पुरतात. खरी अडचण वेगळीच असते. लहान मुलाचे पोट लहान आणि हा आहार चोथ्याने भरलेला. त्यामुळे पोट भरते पण उष्मांक कमी पडतात. म्हणून पेजेत तेलाची धार, भाजीत शेंगदाण्याचे कूट, भातावर खोबरे घालावे आणि दर काही महिन्यांनी वजन-उंचीची नोंद करावी. अख्खे शेंगदाणे लहान मुलांच्या घशात अडकतात, त्यांना कूटच द्यावे. लोहासाठी मोड आलेल्या कडधान्यावर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा टाळावा. जवसाची चटणी ओमेगा-३ स्निग्धाम्ले देते. मीठ आयोडीनयुक्तच असावे.

तज्ज्ञांचे या विषयावर एकमत नाही, हे पालकांपासून लपवू नये. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये नीट आखलेला व्हीगन आहार बालपणासह सर्व वयांसाठी योग्य ठरवला. त्यांचे २०२५ चे निवेदन मात्र प्रौढांपुरते मर्यादित आहे. युरोपातील बालपोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये, लहान बाळांना असा आहार वैद्यकीय देखरेखीखालीच द्यावा, अशी सूचना केली. अनुभवाने शिकलेली आई म्हणून मी या दुसऱ्या मताच्या बाजूने आहे.

घरातले रोजचे जेवण

या आहारासाठी महाग परदेशी वस्तू लागतात, हा समज मुंबईच्या मॉलमधून पसरला आहे. आमच्या स्वयंपाकघरात तसे फारसे काही नाही. सकाळी पोहे, थालीपीठ किंवा मुगाचे धिरडे. डब्यात पोळी, उसळ आणि कारळाची चटणी. संध्याकाळी फुटाणे, चिक्की, केळे. रात्री आमटी-भात किंवा पिठले-भाकरी. पावसाळ्यात आरेच्या पाड्यांवरील आदिवासी भगिनी टाकळा, शेवळे, कुर्डू घेऊन बसतात तेव्हा घरात सणच असतो. आपल्या वसतिगृहातील झुणका-भाकर आणि ठेचा ज्यांना आठवत असेल, त्यांनी नकळत कित्येक व्हीगन जेवणे जेवली आहेत.

कसोटी लागते ती घराबाहेर. वाढदिवसाचा केक, लग्नाची पंगत, मित्राकडील पिझ्झा. मुलगी अकरा वर्षांची असताना मैत्रिणीच्या घरी कुल्फी खाऊन आली आणि रात्री रडत तिने ते सांगितले. तिचे रडणे पाहून आम्हालाच अपराधी वाटले. कालाम सुत्ताचा दाखला आपण नेहमी देतो, की केवळ परंपरा आहे वा वडीलधारे सांगतात म्हणून काही स्वीकारू नये, स्वतः पडताळून पाहावे. मग तो न्याय आपल्या मुलांना का नको? त्या दिवसापासून घरातला नियम बदलला. घरात शिजेल ते व्हीगन. बाहेर काय खायचे ते ज्याने त्याने ठरवायचे आणि खोटे बोलायचे नाही. मुलगी त्यानंतर दोन वर्षे बाहेर कधीमधी दुधाचे पदार्थ खात असे. पुढे तिने आपणहून सोडले. मुलगा अजून ठरवतो आहे.

मुलाला निवासी शाळेत पाठवणाऱ्या पालकांना एक विनंती. आहाराची माहिती आणि डॉक्टरांची चिठ्ठी अधीक्षकांकडे लेखी द्यावी, बी-१२ च्या गोळ्या कोण देणार हे ठरवून घ्यावे आणि मुलाला ताटावर एकटे पडू देऊ नये. भोजनगृहात स्वतंत्र टेबल मागू नका. आपल्या शाळेची एक पंगत ही आपल्यापैकी अनेकांच्या आयुष्यातील पहिली भेदरहित पंगत होती.

पौर्णिमेची खीर

दर वैशाख पौर्णिमेला आमच्या भागात खीरदान होते. सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून ती वाटली जाते आणि सासूबाई त्यासाठी पहाटेपासून राबतात. मुलीने पहिल्यांदा ती वाटी नाकारली तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. “एवढ्याशा खिरीनं काय होतंय गं?” असे त्या म्हणाल्या आणि त्यांचेही चूक नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच दोन नारळ फोडून दूध काढले. तांदूळ पाण्यात शिजवून, गूळ विरघळवून, पातेले उतरवल्यावर शेवटी नारळाचे घट्ट दूध घातले. उकळले तर ते फुटते, हे कोकणातल्या शेजारणीने त्यांना सांगितले होते.

आता दोन पातेली असतात, एक गाईच्या दुधाचे आणि एक नारळाच्या. वाटप करताना सासूबाई विचारतात, “कुठली वाढू?” रांगेतील बहुतेक जण दोन्ही घेतात.